वाक्याचे वजन आणि पुराव्याचे वजन: संशोधन लिहिताना शैली कशी सांभाळावी

समजा, एका संशोधकाने १२० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ६० जणांना दुपारी २० मिनिटे झोपू दिले, उरलेल्या ६० जणांना जागे ठेवले, आणि संध्याकाळी सगळ्यांना ३० शब्दांची यादी वाचायला देऊन त्यांतले किती शब्द आठवतात ते मोजले. झोपलेल्यांना सरासरी १४.२ शब्द आठवले, जागे राहिलेल्यांना १३.१. फरक १.१ शब्दाचा, आणि त्या फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो पट्टा, उणे ०.२ पासून अधिक २.४ पर्यंत; शून्य फरकही त्यात बसतो. हा प्रयोग मी उदाहरणासाठी रचला आहे, पण असे निकाल प्रत्यक्षात रोज हाती येतात.

हाच निकाल तीन जणांनी लिहिला असे धरू. पहिला लिहितो, ‘दुपारच्या झोपेमुळे स्मरणशक्ती वाढते.’ दुसरा लिहितो, ‘दुपारी झोपलेल्या विद्यार्थ्यांना अधिक शब्द आठवल्याचे दिसून आले.’ तिसरा लिहितो, ‘दुपारी झोपलेल्या गटाला सरासरी एक शब्द जास्त आठवला, परंतु एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे झोपेचा परिणाम होतो की नाही हे या प्रयोगावरून ठरवता येत नाही.’ तिघांच्या हातातले आकडे एकच आहेत, पण वाचकाच्या मनात राहणारी गोष्ट प्रत्येक वेळी वेगळी आहे. पहिल्याने खोटा आकडा दिलेला नाही, दुसऱ्याने तर एकही चुकीचा शब्द वापरलेला नाही, आणि तरीही दोघांच्या वाक्यांचे वजन त्यांच्या पुराव्याहून जास्त आहे. हा फरक ओळखून तो आपल्याच मसुद्यात कसा दुरुस्त करावा, हे पुढे सांगितले आहे.

शैली म्हणजे निकाल तयार झाल्यावर त्यावर चढवायचा रंग, हा समज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांत खोल रुजलेला आहे आणि तो आधी सोडावा लागतो. १६६० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेभोवती जमलेल्या मंडळींनी अलंकारिक भाषेला उघड विरोध केला. ‘कुणाच्याही शब्दावर विसंबू नका’ या अर्थाचे लॅटिन वचन हे त्या संस्थेचे ब्रीद आहे. परंतु त्याच मंडळींपैकी रॉबर्ट बॉइल यांनी हवेच्या पंपावरचे आपले प्रयोग १६६० साली प्रसिद्ध केले तेव्हा उपकरणाची रचना, घडलेल्या बारीकसारीक गोष्टी, इतकेच काय पण फसलेले प्रयत्नसुद्धा विस्ताराने लिहिले. प्रयोगाला हजर नसलेल्या वाचकाला आपण तिथेच उभे राहून सारे पाहिले असे वाटावे, हा त्या लांबलचक तपशिलाचा उपयोग होता. आपण ‘कदाचित’, ‘असे दिसते’, ‘हे असंभाव्य नाही’ असे शब्द वारंवार का योजतो, याचाही खुलासा त्यांनी १६६१ मध्ये केला आहे. म्हणजे साधी, अनलंकृत भाषा हीसुद्धा वाचकाचा विश्वास मिळवण्याची एक रीत आहे. मन वळवण्याची कला संशोधनलेखनातून काढून टाकता येत नाही. ती प्रामाणिकपणे वापरता मात्र येते.

मसुद्याच्या आधी उघडा दावा

प्रस्तावना लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपला मुख्य निष्कर्ष शक्य तितक्या कोरड्या शब्दांत लिहून काढावा. त्यात कुणाचा अभ्यास केला, नेमके काय मोजले, किती फरक आढळला आणि त्या फरकाबद्दल किती खात्री आहे, एवढेच यावे. वरच्या उदाहरणात ‘स्मरणशक्ती’ मोजलेली नाही. एका संध्याकाळी, एका यादीतले, आठवलेले शब्द मोजले आहेत. ‘माणसे’ अभ्यासलेली नाहीत. १२० विद्यार्थी अभ्यासले आहेत. शितावरून भाताची परीक्षा करता येते हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते. हा कागद लिखाण संपेपर्यंत समोर ठेवावा आणि निबंधातला प्रत्येक मोठा दावा त्याच्याशी ताडून पाहावा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक अतिशयोक्ती इथेच पकडली जाते, कारण ती सहसा जाणूनबुजून केलेली नसते. लिहिता लिहिता ‘आठवलेले शब्द’ हळूहळू ‘स्मरणशक्ती’ होतात आणि लेखकाच्या ते लक्षातही येत नाही.

क्रियापद हाच दाव्याचा कणा

मराठीत खात्रीची पायरी क्रियापदाच्या रूपातच बसलेली असते, आणि हे आपल्या भाषेचे मोठे बळ आहे. रस्ता ओला दिसला की आपण ‘पाऊस पडला असावा’ म्हणतो. नुसते आभाळ भरून आले असेल तर ‘पाऊस पडू शकेल’ म्हणतो. अंगावर थेंब पडले की ‘पाऊस पडतो आहे’ म्हणतो. पहिल्यात पुराव्यावरून केलेले अनुमान आहे, दुसऱ्यात केवळ शक्यता आहे, तिसऱ्यात निरीक्षण आहे. बोलताना यांची गल्लत कुणीही करत नाही; लिहिताना मात्र ती सर्रास होते.

म्हणून प्रत्येक निष्कर्षाच्या वाक्यातले शेवटचे क्रियापद अधोरेखित करावे. जे उपकरणाने किंवा डोळ्यांनी टिपले त्याला ‘आढळले’ किंवा ‘मोजले’ हे पुरेसे आहे. त्या निरीक्षणांवरून आपण जे ताडले त्याला ‘असावे’ किंवा ‘सूचित होते’ योग्य ठरते, आणि त्याच्या शेजारी अनुमानाचा आधार यावा. जी गोष्ट आपण तपासलेली नाही, पण विचारात घेण्याजोगी वाटते, तिला ‘असू शकेल’ म्हणावे आणि ती चर्चेच्या भागातच ठेवावी. ‘सिद्ध झाले’ हे शब्द गणितासाठी राखून ठेवलेले बरे. एका प्रयोगाने किंवा एका सर्वेक्षणाने काही सिद्ध होत नाही, पुरावा फार तर बळकट होतो किंवा दुबळा होतो.

काळाकडेही तितकेच लक्ष द्यावे. ‘या गटातील विद्यार्थ्यांना अधिक शब्द आठवले’ हा भूतकाळ त्या दिवशी, त्या विद्यार्थ्यांपुरता बोलतो. ‘झोपेने स्मरणशक्ती वाढते’ हा वर्तमानकाळ ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ या जातीचा आहे. तो सर्व काळ, सर्व माणसांबद्दल बोलतो. एका अभ्यासाचा निकाल भूतकाळात लिहावा आणि अनेक स्वतंत्र अभ्यासांतून टिकलेल्या ज्ञानालाच वर्तमानकाळ द्यावा. मसुद्यातल्या ‘वाढते’, ‘घटते’, ‘होते’ या रूपांवर एकदा बोट ठेवून पाहिले तर आपण किती ठिकाणी एका नमुन्यावरून निसर्गनियम मांडला आहे ते दिसते.

सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे ‘मुळे’. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. तरीही ‘मुळे’ इतका छोटा आणि इतका सवयीचा आहे की तो तपासणीतून निसटतो. गट चिठ्ठ्या टाकून पाडले असतील, तर कारणाची भाषा करण्याचा अधिकार अभ्यासाच्या रचनेनेच दिलेला असतो, मग फक्त फरकाची खात्री पाहावी लागते. नुसते निरीक्षण असेल, तर ‘जे नियमित चालतात त्यांच्यात रक्तदाब कमी आढळला’ असे लिहावे आणि ज्यांची तब्येत मुळातच चांगली आहे तेच अधिक चालत असतील ही शक्यता लगेच नोंदवावी. ‘मुळे’ काढून टाकला तरी कारणाचा अर्थ इतर शब्दांतून परत शिरतो, हेही ध्यानात असू द्यावे: ‘आटोक्यात ठेवते’, ‘बळावते’, ‘चालना देते’, ‘संरक्षण देते’ ही सगळी क्रियापदे कार्यकारणभावच सांगतात.

ही चूक बातमीदारांची, असे म्हणून संशोधकांना हात झटकता येत नाहीत. ब्रिटनमधील २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची मूळ निबंधांशी आणि नंतरच्या बातम्यांशी तुलना करणारा एक अभ्यास ‘बीएमजे’ या शोधपत्रिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३३ टक्के प्रसिद्धिपत्रकांत कार्यकारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा वाढवलेला होता, आणि प्राण्यांवरील संशोधनावरून माणसांबद्दल वाढीव अनुमान ३६ टक्क्यांत होते. ज्या प्रसिद्धिपत्रकांत अतिशयोक्ती होती त्यांच्यावरून लिहिलेल्या बातम्यांतही ती आढळण्याचे प्रमाण जास्त होते. हा अभ्याससुद्धा निरीक्षणात्मक आहे, म्हणून ‘प्रसिद्धिपत्रकांमुळे बातम्या फुगल्या’ असे मी लिहीत नाही. एवढे मात्र नक्की म्हणता येते की बातमीदाराच्या हाती पडण्यापूर्वीच राईचा पर्वत झालेला असू शकतो.

कर्ता कुठे गेला?

इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शिकांत ‘कर्मणी टाळा, कर्तरी लिहा’ असा सल्ला असतो. ‘नेचर’ समूहाच्या शोधपत्रिकाही ‘आम्ही प्रयोग केला’ या पद्धतीला पसंती देतात. हा सल्ला मराठीत जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण ‘आम्ही तापमान मोजले’ हे वाक्य मराठी व्याकरणाप्रमाणे कर्मणीच आहे. मराठीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काम करणारा वाक्यात हजर आहे का?

‘तापमान दर तासाला मोजण्यात आले’ यात कर्ता नसला तरी काही बिघडत नाही, कारण कुणीही मोजले तरी आकडा तोच यायला हवा. ‘तीन नमुने वगळण्यात आले’ हे वाक्य मात्र घातक आहे. ते कुणी वगळले, निकाल पाहण्यापूर्वी की पाहिल्यानंतर, कोणत्या निकषाने, हे सगळे ‘वगळण्यात आले’ या दोन शब्दांच्या आड जाते. जिथे निवड झाली, निर्णय झाला, मत बनले, तिथे ‘आम्ही’ लिहावे: ‘उपकरणात बिघाड झाल्याची नोंद असलेले तीन नमुने आम्ही निकाल पाहण्यापूर्वीच वगळले.’ वाक्य लांबले, पण वाचकाला शंका घेण्याची आणि शंका फिटण्याची, दोन्ही संधी मिळाल्या. ‘असे मानले जाते’, ‘सर्वज्ञात आहे’, ‘तज्ज्ञांच्या मते’ हे शब्दप्रयोगही याच जातीचे. कोण मानते ते लिहिता येत नसेल तर वाक्य काढून टाकावे.

निबंधाच्या ठरलेल्या साच्यातही असाच एक लोप दडलेला आहे. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा साचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक विज्ञानपत्रिकांत रूढ झाला. वाचकाला हवे ते चटकन सापडावे यासाठी तो उत्तम आहे, परंतु संशोधन त्या क्रमाने घडलेले नसते. नोबेल पारितोषिक मिळालेले जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरील भाषणात असा प्रश्नच विचारला होता की विज्ञानाचा निबंध ही एक फसवणूक आहे का. आकडेवारी खोटी असते असे त्यांना म्हणायचे नव्हते, तर विचार कसा घडला याचे चित्र निबंध चुकीचे देतो असे म्हणायचे होते. साचा मोडावा असे मी सुचवत नाही. क्रम वाचकाच्या सोयीने लावावा, पण प्रत्येक गृहीतक आपल्या मनात केव्हा आले ते प्रामाणिकपणे लिहावे. आकडे पाहिल्यावर सुचलेली कल्पना प्रस्तावनेत ‘आमचे गृहीतक असे होते की’ म्हणून मांडणे ही शैलीची मुभा नव्हे. त्याने निकालाची विश्वासार्हताच बदलते, कारण आधी केलेले भाकीत खरे ठरणे आणि नंतर जुळवलेले स्पष्टीकरण जुळणे यांत फार अंतर आहे. ‘आकडे पाहताना आमच्या असे लक्षात आले’ या एका वाक्याने प्रश्न मिटतो.

शब्दांची जागा

वाचक परिचित गोष्टीवरून अपरिचित गोष्टीकडे जातो, आणि वाक्याच्या शेवटाकडे आलेल्या मजकुराला तो अधिक वजन देतो. इंग्रजीतील विज्ञानलेखनाबद्दल हे १९९० साली जॉर्ज गोपेन आणि ज्यूडिथ स्वॉन यांनी सविस्तर दाखवले. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हा जोर क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दांवर पडतो, आणि जोडवाक्यात ‘पण’ नंतरच्या भागावर. ‘औषधाने पुरळ आले, पण ताप उतरला’ हे वाक्य औषधाची शिफारस करते. ‘औषधाने ताप उतरला, पण पुरळ आले’ हे वाक्य सावध करते. म्हणून मर्यादा सांगणाऱ्या वाक्यांत ‘पण’ च्या कोणत्या बाजूला काय ठेवले आहे ते पाहावे. ‘नमुना लहान असला तरी निकाल उत्साहवर्धक आहेत’ या वाक्यात मर्यादा सांगितली आहे आणि त्याच श्वासात पुसूनही टाकली आहे.

‘च’, ‘ही’, ‘केवळ’, ‘तब्बल’, ‘चक्क’ या छोट्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगता येईल. १०० पैकी ८ रुग्णांना त्रास झाला, तर ‘केवळ ८’ आणि ‘तब्बल ८’ यांत आकडा तोच आहे, आणि वाचकाने काय वाटून घ्यावे हे लेखकाने ठरवून टाकले आहे. निष्पत्तीच्या भागातून असे सगळे शब्द काढावेत. आकडा मोठा की लहान हे तुलनेवरून कळू द्यावे: दुसऱ्या उपचारात किती जणांना त्रास झाला, ते शेजारी लिहावे.

आकडा हेसुद्धा वाक्यच आहे

१९९५ साली ब्रिटनमध्ये औषधसुरक्षा समितीने असा इशारा दिला की तिसऱ्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. मूळ आकडे असे होते की आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत असे, आणि नव्या गोळ्यांनी तो दोघींना होत होता. ‘दुप्पट’ हे खरे होते, आणि ‘७,००० मागे एक जास्त’ हेही खरे होते. पहिला शब्द बातम्यांत गेला, अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या, आणि त्यानंतरच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांच्या संख्येत सुमारे १३,००० ची भर पडल्याचा हिशेब मांडला गेला आहे. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका शब्दाच्या निवडीची किंमत किती असू शकते ते कळते.

म्हणून ‘पट’ आणि ‘टक्क्यांनी वाढ’ हे शब्द एकटे कधीही लिहू नयेत. त्यांच्या बाजूला मूळ प्रमाण द्यावे, आणि फायदा व तोटा एकाच मापात मांडावेत. फायदा ‘५० टक्क्यांनी घट’ असा आणि दुष्परिणाम ‘१,००० मध्ये एक’ असा लिहिला की तराजू एका बाजूला कलतोच. ‘१०० पैकी ९० जगतात’ आणि ‘१०० पैकी १० दगावतात’ यांचा अर्थ एकच असूनही उपचाराची निवड करताना माणसे त्यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि १९८२ साली फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांच्या उदाहरणातून दिसले की डॉक्टरही याला अपवाद नाहीत. शक्य असेल तिथे दोन्ही बाजू लिहाव्यात.

सावधपणालाही हद्द असते

इथवर वाचून कुणी प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ घालू लागला, तर त्याने एका दोषाच्या जागी दुसरा आणला. ‘काही प्रमाणात संबंध असू शकण्याची शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्यात काहीच सांगितलेले नाही, कारण नाकारता न येणाऱ्या शक्यता अगणित असतात. एका दाव्याला सावध करणारा एकच शब्द द्यावा आणि शंका नेमकी कशाबद्दल आहे ते सांगावे: नमुना लहान आहे, मोजमाप स्थूल आहे, की तुलनेचा गट वेगळा होता?

डीएनएच्या इतिहासातले दोन निबंध या बाबतीत शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९४४ साली ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूचे रूप बदलणारा पदार्थ डीएनए असल्याचे अत्यंत काटेकोर पुरावे दिले, आणि शेवटी एवढेच लिहिले की हे पुरावे तशा समजुतीला आधार देतात. २५ एप्रिल १९५३ रोजी जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा जेमतेम एका पानाचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्याची सुरुवात ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशी नम्र आहे, आणि शेवटाकडे ते म्हणतात की डीएनएच्या घटकांच्या आम्ही गृहीत धरलेल्या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता लगेच सुचते, ‘ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही’. या वाक्याची बांधणी बारकाईने पाहावी. ‘शक्यता’ हा शब्द आहे, ‘गृहीत धरलेल्या’ ही कबुली आहे, पुरावा नसलेला कोणताही दावा नाही. आणि तरीही पुढचा सगळा प्रश्न त्यांनी वाचकाच्या हाती ठेवला आहे. त्याचा विस्तार त्यांनी ३० मे रोजीच्या दुसऱ्या निबंधात केला. सावध राहूनही महत्त्वाची गोष्ट ठळकपणे कशी सांगावी, याचा इतका आटोपशीर नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

पुरावा आपोआप बोलतो यावर विसंबणे किती महागात पडते, हे इग्नाझ झेमेलवाइस यांच्या बाबतीत दिसते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले, आणि तिथल्या पहिल्या विभागातला माता-मृत्यूंचा दर १८४६ मधील ११.४ टक्क्यांवरून १८४८ मध्ये सुमारे १.३ टक्क्यांवर आला. परंतु स्वतःचे सविस्तर लेखन त्यांनी १८६१ पर्यंत प्रसिद्ध केले नाही, आणि केले तेव्हा ते विरोधकांवरील कडवट हल्ल्यांनी भरलेले होते. त्यांना विरोध होण्यामागे इतर कारणेही होती, कारण जंतूंमुळे रोग होतात ही उपपत्ती तेव्हा मान्यता पावलेली नव्हती. तरीही इतके ठसठशीत आकडे वेळेवर आणि शांत, नेटक्या निबंधात मांडले गेले असते तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्याचे वाक्य आपल्या निबंधात आणताना

संदर्भ देणे हे कारकुनी काम समजले जाते, आणि सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. १० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या अंकात पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून लेखकांनी सांगितले की अफूजन्य वेदनाशामक किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत, व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद असलेली प्रकरणे फक्त चार होती. त्यांच्या निष्कर्षाच्या वाक्यात दोन कुंपणे होती: वापर रुग्णालयातला, आणि रुग्ण व्यसनाचा इतिहास नसलेले. पत्राच्या शीर्षकात ती दोन्ही गळाली. तिथे एवढेच उरले की या औषधांनी उपचार केलेल्या रुग्णांत व्यसन विरळ असते.

२०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या संदर्भांची मोजदाद आली. ६०८ लेखांनी ते उद्धृत केले होते, त्यांपैकी ७२.२ टक्के लेखांनी ते व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि ८०.८ टक्के लेखांत ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णाबद्दल त्या पाच वाक्यांत एक अक्षरही नव्हते, पण अवतरणामागून अवतरण होत ती त्याच्यासाठीही आश्वासन ठरली, आणि उत्तर अमेरिकेतील अफूजन्य औषधांच्या संकटात या गैरवापराचा वाटा असल्याचे त्या मोजदादीच्या लेखकांनी नोंदवले आहे. यावरून घ्यायची सवय अगदी साधी आहे. ज्या निबंधाचा संदर्भ द्यायचा तो मुळातून वाचावा, त्याच्या निष्कर्षाचे वाक्य शब्दशः टिपून घ्यावे, आणि आपल्या वाक्यात त्याची कुंपणे आली आहेत का ते पाहावे. ‘संशोधनातून दिसते की’ ऐवजी ‘रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या एका नोंदवहीत असे आढळले की’ लिहायला सहाच शब्द जास्त लागतात.

शीर्षक आणि सारांश सर्वांत शेवटी

बहुतेक वाचक शीर्षक आणि सारांशापलीकडे जात नाहीत, म्हणून प्रलोभन तिथेच सर्वाधिक असते. मुख्य निष्पत्तीत लक्षणीय फरक न आढळलेल्या ७२ वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल तपासणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यांतील ५८.३ टक्के अहवालांच्या सारांशात निष्कर्षाला अनुकूल वळण दिलेले होते, आणि १८ टक्क्यांत तर शीर्षकालाच. वैद्यकीय निबंधांच्या सारांशांत ‘अभिनव’, ‘आशादायक’, ‘भक्कम’ अशा अर्थाचे गौरवाचे शब्द १९७४ ते १९८० या काळात २ टक्के सारांशांत होते, २०१४ मध्ये ते १७.५ टक्क्यांत आढळले.

सारांश तपासताना मी तो निबंधाशी न ताडता सुरुवातीच्या त्या कोरड्या कागदाशी ताडतो. आधी सगळी गौरवाची विशेषणे खोडतो, मग ‘मुळे’ शोधतो, मग वर्तमानकाळातली क्रियापदे, आणि शेवटी ‘पण’ नंतर काय आले आहे ते. त्यानंतर मसुदा विषयाबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला देतो आणि मग, मसुद्याकडे न पाहता सांगायचे या अटीवर, ‘यातून काय कळले?’ एवढेच त्याला विचारतो. त्याचे उत्तर पुराव्यापेक्षा मोठे निघाले तर दोष त्याच्या वाचनात नसून माझ्या वाक्यात असतो.

झोपेच्या प्रयोगाचा सारांश या सगळ्यातून गेल्यावर असा उरतो: ‘दुपारच्या २० मिनिटांच्या झोपेने शब्द आठवण्यावर काही परिणाम होतो का हे पाहण्यासाठी आम्ही १२० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ३० शब्दांच्या यादीतील सरासरी १४.२ शब्द झोपलेल्या गटाला आणि १३.१ शब्द जागे राहिलेल्या गटाला आठवले (फरक १.१, ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे ०.२ ते अधिक २.४). सुमारे अडीच शब्दांचा फायदा आणि अजिबात फायदा नसणे, या दोन्हींशी हे आकडे सुसंगत आहेत. याचा निर्णय लावण्यासाठी अधिक मोठ्या गटावर, आणि एकाहून अधिक दिवस, हाच प्रयोग करावा लागेल.’